दुसऱ्या मजल्यावरची पाटी

माझा धाकटा भाऊ सुधीर अठरा वर्षं मनाच्या आजाराच्या गोळ्या घेतोय. हल्ली जिना चढताना तो दुसऱ्या मजल्यावर थांबून शेजाऱ्यांच्या दारावरची पाटी वाचतो.

"पाठ झाली का रे?" मी चिडवायचो.

"दादा, दम लागतो."

तोही मनाचाच खेळ, असं मी धरून चाललो. मला मात्र मिसळ बाधली, तर तासाभरात ईसीजी! त्याचा अठरा वर्षांत एकदाही नाही. डोक्याचा आजार असलेल्याला छाती नसतेच, असं आम्ही शहाण्यांनी ठरवून टाकलेलं.

शेवटी परवा तपासलं. हृदय अशक्त निघालं.

"या गोळ्यांनी होतं कधीकधी," त्या गोळ्या देणारे त्याचे डॉक्टर म्हणाले. म्हणजे ठाऊक होतं! आणि समोर बसलेल्या सुधीरला सोडून नेहमीसारखं मलाच विचारलं, "शांत असतात ना?"

"तो असतो," मी म्हणालो. "आजपासून मी नाही."