सहाव्या मजल्याचं किमान तापमान

शशी, तुझी वही अजून माझ्याकडेच आहे. निळ्या पुठ्ठ्याची, कडेला चहाचा डाग असलेली. ऑफिसात दिली म्हणून तुला सांगितलं ते खोटं. आता पुढे वाच.

एवढं लिहून देवयानीने पेन खाली ठेवलं. पुढे काय वाचायचं, ते तिलाच सुचेना. चाळीस वर्षं पेशंटना वाईट बातम्या तोंडावर सांगितलेली डॉक्टर, चार ओळींत अडकली.

शशी मूळची हवामान खात्यातली. बीएस्सी झाल्यावर पुण्याच्या ऑफिसात लागली आणि बाईमाणसाला कोणी पाठवलं नसतं तिथे, जैसलमेरला, स्वतः अर्ज करून गेली. नऊ उन्हाळे काढले. मग सतीशशी लग्न, नॉटिंगहॅम, आणि हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये अठ्ठावीस वर्षं. देवयानीची गाठ तिथलीच. बावीस डिग्रीला इंग्रज शर्ट काढून गवतावर लोळायला लागले की शशी कोटाचं बटण लावून म्हणायची, "हा काय उन्हाळा?"

वाळवंटातला उन्हाळा दुपारी येत नाही, असं तिचं म्हणणं. मार्च सरताना दुपार अडतीसवर जाते, नवे लोक बोंब मारतात. जुने मारत नाहीत, कारण वाळू मनात काही ठेवत नाही. सूर्य बुडाला की सगळी ऊब सोडून देते, पहाटे गच्चीवर चादर ओढून घ्यावी लागते. मग एप्रिलात एक सकाळ अशी उजाडते की चादर पायाशी घडी न मोडता पडलेली. दुपारचा आकडा कालचाच, पण किमान दोन अंशांनी वर. तिथून माघार नाही. कोरडा वारा सुटतो, लोक सकाळी नऊला दारं-खिडक्या लावतात ते दिवस मावळल्यावर उघडतात.

"दुपार नुसती मिरवते गं," शशी म्हणायची, "मारते ती रात्र. किमान बघत जा."

सतीश गेल्यावर तिने नॉटिंगहॅमचं घर विकलं आणि लंडनमध्ये एजवेअरला सहाव्या मजल्यावर एका बेडरूमचा फ्लॅट घेतला. मुलगा परीक्षित जवळच पिनरला, आणि देवयानीही निवृत्त होऊन त्याच भागात राहायला आलेली, म्हणून. पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच. खिडकीला अडसर, उघडायची चारच बोटं, कोणी पडू नये म्हणून. सगळ्या इमारतीच्या गरम पाण्याचे पाइप तिच्या दाराबाहेरच्या पॅसेजमधून गेलेले, बारा महिने तापलेले. गेल्या वर्षी फेब्रुवारीत गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि पॅसेजचं आगरोधक दार तिला ढकलता येईना.

"त्याला दोन हात लागतात," ती म्हणाली, "आणि माझे दोन्ही वॉकरवर."

मग तिने थर्मामीटर टांगला आणि वही काढली. दोन रकाने. डावीकडे फोनवर बघून जैसलमेरचं किमान, उजवीकडे घराचं. दहा एप्रिल, बावीस आणि एकवीस. एक मे, सव्वीस आणि चोवीस. नऊ मेला दोन्हीकडे सत्तावीस.

"बरोबरीत आलो," तिने फोन करून सांगितलं.

परीक्षित हसला होता. "आई, जैसलमेरवाली ना तू? आणि एजवेअरला घाबरलीस? हा काय उन्हाळा?" तिचंच वाक्य, तिच्याच घशात.

देवयानीही काही कमी नव्हती. "अगं, पहाटे बाहेर तेरा डिग्री आहे."

"बाहेर. मी बाहेर आहे का?"

अकरा मेला, सोमवारी, देवयानी भेटायला गेली. उजव्या रकान्यात एकोणतीस होतं. शशीने वही तिच्या हातात दिली. "मी लिहिलं की 'खिडकी उघडा' असं उत्तर येतं. तू डॉक्टर आहेस. इमारतीच्या ऑफिसात जा, वही टेबलावर ठेव. खिडकीचा अडसर काढा म्हण, नाहीतर पाइप झाका म्हण."

हाती आलेल्या कुठल्याही कागदावर सही-तारीख टाकायची देवयानीची दवाखान्यातली सवय. तिने शेवटच्या नोंदीखाली लिहिलं, 'मिळाली, ११ मे' आणि सही केली.

ऑफिस स्टेशनशेजारी, दहा मिनिटांवर. मंगळवारी मंडळाचं जेवण होतं. बुधवारी केस कापायचे होते. गुरुवारी पाऊस आला, पारा चौदावर उतरला, देवयानीने कार्डिगन घातलं आणि प्रश्न आपोआप मिटला असं धरून चालली. शुक्रवारी परीक्षितला आई खिडकीपाशी जमिनीवर सापडली. एका हाताची बोटं त्या चार बोटांच्या फटीतून बाहेर काढलेली, पावसाने भिजलेली. खोलीत तीस.

शशी वाचली, पण पुरती परत आली नाही. आता नॉटिंगहॅमला, मुलीच्या म्हणजे नीनाच्या घराजवळ, वृद्धांच्या होममध्ये तळमजल्यावर असते. नातवंडांची नावं गळाली, पण संध्याकाळच्या नोंदीची वेळ राहिली. जैसलमेरला साडेपाच म्हणजे इथे दुपारचा एक. एकला ती फोन करते.

आजही वाजला. आज दहा एप्रिल.

"जैसलमेर तेवीस," शशी म्हणाली. "मागच्यापेक्षा एक जास्त. लवकर चढतंय. वही दिलीस?"

देवयानीने समोरच्या कागदाकडे पाहिलं. "दिली."

"काय म्हणाले?"

"बघतो म्हणाले."

"बघतो काय? अडसर काढला का?"

शशीचा फ्लॅट आता भाड्याने गेला होता. कालच त्या रस्त्याने येताना देवयानीने मान वर करून पाहिलं होतं. सहाव्या मजल्यावर, काचेला लागून, तान्ह्या बाळाचा पाळणा होता.

"काढला," ती म्हणाली.

"मग उतरेल किमान," शशी म्हणाली. "हुशार गं तू. मी ओरडले असते तरी ऐकलं नसतं त्यांनी."

फोन ठेवल्यावर देवयानीने वही उघडली. सहीचं पान फाडून उरलेली वही द्यावी, हा विचार तिने पूर्वीही केला होता. पण एक मेपासूनच्या साऱ्या नोंदी त्याच पानावर होत्या. ते गेलं तर ऑफिसला दाखवायला काही उरत नव्हतं. ठेवलं तर 'मिळाली, ११ मे', तिच्याच सहीनिशी.

चार ओळींचा कागद तिने वहीत घातला, वही पिशवीत टाकली, कोट चढवला. खाली बस स्टॉपवर पोचेपर्यंत दोन वाजले. ऑफिस चारपर्यंत उघडं असतं. स्टेशनकडची बस आली, थांबली, ड्रायव्हरने तिच्याकडे पाहिलं.

"नाही," तिने हाताने खूण केली. "पुढची."

पुढचीही तिने जाऊ दिली.