गार हाय

मिस्त्री कोणाची जुनी गाडी बघायला गेले की आधी डोक्यावरची टोपी काढून खिशात कोंबायचे आणि बॉनेटवर गाल टेकवून डोळे मिटून उभे राहायचे. मग सरळ होऊन म्हणायचे, "गार हाय." म्हणजे पुढचं काम सुरू. नाहीतर, "गरम हाय. उद्या येऊ," आणि खरोखरच चालू लागायचे. विकणाऱ्याने गाडी आधीच चालू करून तापवून ठेवली असली, तर तिचं सकाळचं खोकणं ऐकू येत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ऊन चढायच्या आत जायचं.

"बैल उठताना कळतो का न्हाई? तसंच हाय हे," ते सांगायचे.

मिस्त्री गाडीचा मुका घेतात, अशी त्यांची चेष्टा व्हायची. पूर्वी म्हणे ते नुसता तळहात ठेवायचे. गाल नंतर आला. म्हातारपणी माणसं थोडी नाटकी होतात, अशी आम्ही समजूत करून घेतली होती.

जुनी गाडी घेताना तुम्हीही कोणाला तरी सोबत नेलं असेलच. टायरला लाथ मारून मान डोलावणारा जाणकार आपल्याकडे घरटी एक असतो. मिस्त्री त्यातले नव्हते. निरगुडसरचे शेतकरी, पण उमेदीची वर्षं हायवेवरच्या गॅरेजात गाड्यांखाली गेलेली. गुडघे गेल्यावर परत शेतावर आले. पण जुन्नर-आंबेगावात त्यांना दाखवल्याशिवाय जुनी गाडी घ्यायची कोणाची छाती होत नसे.

त्यांचा एक नेम होता. ज्याची गाडी बघायची त्याचा चहा आधी घ्यायचा नाही. मंचरला एका घरी पोहे समोर आले तरी हे उठले, गाडी बघितली, "घेऊ नका" म्हणाले आणि परत येऊन शांतपणे बसले. "आता द्या पोहे." आणि घरच्यांनी दिले, हे विशेष.

आमचं जुन्नरच्या पेठेत कापडाचं दुकान. आजोबा राजस्थानातून आले तेव्हापासून आमच्या घरात कोणी घाईने काही केलेलं नाही. अपवाद आमचे चिरंजीव. घाटघरच्या रस्त्यावर मोटारसायकलवरून पडून त्याने एकदा गळ्याचं हाड मोडून घेतलं होतं. ते जुळतंय न जुळतंय तोच त्याला एक लाल स्पोर्ट्स कार आवडली. दोन दारांची, इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे पाटावर बसायचं. पुण्याच्या एका गृहस्थाने ती लेण्याद्रीजवळच्या आपल्या फार्महाऊसवर ठेवली होती. दर रविवारी मित्रांबरोबर घाटघरला जायचं, हेही चिरंजीवांनी ठरवून टाकलं. त्याच्या आईची झोप उडाली. माझीही उडाली होती, पण मी घोरण्याचं सोंग करत होतो.

शेवटी मी एकटाच निरगुडसरला गेलो. मिस्त्री कांद्याच्या वाफ्यात पाणी धरत होते.

"उद्या गाडी बघायला यायचं आहे," मी म्हणालो. "काहीही करा, पण खराब आहे म्हणून सांगा. तुमचा शब्द तो मोडायचा नाही."

"शेठ, चांगली असली तर चांगलीच म्हननार मी."

"तुम्हाला पोरंबाळं नाहीत का?"

"हायेत की. त्यांच्याशी बी खोटं बोलत न्हाई."

मी रागाने चहा न घेता निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं फार्महाऊसवर पोहोचलो. गाडीला हात लावायच्या आधीच मिस्त्री माझ्या मुलाला म्हणाले, "छोटे शेठ, तुमच्या वडलांनी काल मला सांगितलंय, गाडी खराब हाय म्हना. आता मी काय म्हनत न्हाई. मी दावतो, तुमी बघा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलाने माझ्याकडे असं बघितलं, की मी शेजारच्या पेरूच्या झाडाकडे बघत राहिलो.

मिस्त्रींनी गाल टेकवला. "गार हाय." किल्ली फिरवताच इंजिन एका दमात सुरू झालं. सीटचे पट्टे शेवटपर्यंत ओढून बघितले. पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीचा गाळ तिथे सापडतो म्हणे. पट्टे स्वच्छ होते. मुलाचा चेहरा खुलत चालला आणि माझा उतरत. दुसऱ्याच्या गाडीत खोट निघावी म्हणून मी देवाचा धावा करत होतो, हे कबूल करतो.

मग मिस्त्री दहा पावलं मागे गेले आणि गाडीच्या पाठीकडे बराच वेळ बघत राहिले. "डिक्की उघडा," ते म्हणाले. आतलं कार्पेट त्यांनी बाजूला केलं.

"छोटे शेठ, हितं कडंकडंनं हात फिरवा. सावकाश. कापडवाल्याचं लेकरू तुमी, बोटांना कळंल."

मुलगा वाकला. कापडाचं ठाण उलगडल्यावर आम्ही जशी अंगठ्याखाली बोटं घासत नेतो, तशी त्याने नेली. अर्ध्यावर हात थांबला. परत मागे आला. मग दुसऱ्या बाजूने सुरुवात केली आणि तिथेही तसाच थांबला.

"पप्पा," तो म्हणाला, "इथे रफू केलंय."

मिस्त्रींनी कमरेला खोचलेल्या विळ्याच्या टोकाने तिथला रंग खरवडला. खाली वेल्डिंगच्या गाठीच्या गाठी निघाल्या. या कडेपासून त्या कडेपर्यंत.

"दोन मोडक्या गाड्यांची एक केलीया राव. पुढचं एकीचं, मागचं दुसरीचं. घाटात मधनंच सुटली असती."

गाडीवाले गृहस्थ म्हणाले, मला खरंच ठाऊक नव्हतं. मिस्त्री त्यांच्याकडे वळले. "आसंल. आता द्या चहा."

मी तिथल्या पायरीवर बसलो. त्या दिवसाइतका गोड चहा मी आयुष्यात प्यायलो नाही. डोळे पुसायला रुमाल काढला आणि धूळ फार आहे म्हणालो.

परतताना मुलगा म्हणाला, "मिस्त्री नुसते खराब आहे म्हणाले असते ना, तर मला वाटलं असतं तुम्हीच पढवलंय. उद्याच गाडी घेऊन आलो असतो."

मिस्त्री मागच्या हिवाळ्यात गेले. आम्ही बापलेक निरगुडसरला भेटायला गेलो. त्यांच्या पत्नी ओटीवर बसल्या होत्या. बोलता बोलता मी गालाची आठवण काढली.

"साखरेच्या दुखण्यानं बोटं मेली व्हती ना त्यांची," त्या म्हणाल्या. "पाच-सहा वर्सं. कपबशी हाती दिली तरी गरम का गार कळत नव्हतं. म्हनून गाल लावायचे. लोक हसायचे, पन कुनाला सांगितलं न्हाई."

मला एकदम ती डिक्की आठवली. मुलाच्या हाताशेजारी त्यांचा स्वतःचा हात नुसता कार्पेट धरून होता.

"तुमच्या लाल गाडीचं लई सांगायचे," बाई मुलाला म्हणाल्या. "म्हनायचे, मला नुसता संशय व्हता. वळखलं ते त्या पोरानं."

मुलगा मान खाली घालून बसला होता, आणि उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या टोकांवरून हळूहळू फिरवत होता.