हौसेरावांनी नाकारलेलं चौथं चाक

हौसेराव सपकाळ आणि मी पहिल्यांदा बोललो तेच मुळी भांडलो. म्हणजे भांडले मी, ते ऐकत होते. मी पहिल्यापासून तापट. बत्तीस वर्षं बँकेच्या काउंटरवर बसून माझा गोड बोलण्याचा सगळा कोटा संपला, असं दिलीप म्हणतो. दिलीप माझा नवरा. दोघं एकाच शाखेत होतो, म्हणून आजही एकमेकांना नावानेच हाक मारतो.

निवृत्त झाल्यावर मी एक जुना फूड ट्रेलर विकत घेतला. थालीपीठ, कोथिंबीर वडी, अळूवडी. मी तव्यावर, दिलीप पुढे जीप चालवायला आणि मागे भांडी घासायला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या धंद्यांचे अर्ज तपासले, आता एक तरी धंदा आपला असावा, एवढीच हौस. पण रोज नेरूळमध्ये जागा शोधत फिरायचं म्हणजे वैताग. आज इथून उठवलं, उद्या तिथून. अशात सीवूड्सकडच्या एका सातशे फ्लॅटच्या सोसायटीने गेटच्या आत एका ट्रेलरला कायमची जागा द्यायचं ठरवलं. शेवटी आम्ही आणि एक मोमोवाला, एवढे दोघंच उरलो. रविवारी सकाळी नऊ वाजता कमिटी गाडी बघणार आणि तिथल्या तिथे निकाल देणार.

सोमवारी त्यांच्या सेक्रेटरीचा, उदयसिंह घोरपड्यांचा फोन आला. "मॅडम, वड्या फर्स्टक्लास. पण तुमची चाकं बघितलीत का? खरूज झाल्यासारखी दिसतात हो. गेटमध्ये कशी उभी करणार?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण खाली पार्किंगमध्ये जाऊन बघितलं, तर माणूस खोटं बोलत नव्हता. आधीच्या मालकाने शोभेसाठी अ‍ॅल्युमिनियमची चाकं बसवली होती. चारही चाकांवरचा पारदर्शक थर कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटला होता आणि त्याच्या खाली पांढऱ्या अळ्यांसारख्या रेषा धावत होत्या. ट्रेलर ठोकळ्यांवर चढवला, चारही चाकं जीपमध्ये टाकली आणि मंगळवारी सकाळी कुणीतरी सांगितलेल्या पत्त्यावर दिघ्याला पोचलो.

पत्र्याचा गाळा. बाहेर स्टुलावर साठीला टेकलेला एक काटक माणूस. हेच हौसेराव. मूळचे कोरेगाव तालुक्यातले. पंचवीस वर्षं अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांच्या कारखान्यात पातेल्यांना पॉलिश केलं. कारखाना बंद पडला तसे चाकांकडे वळले. "पातेलं काय नि चाक काय, गोलच की," असं त्याचं कारण ते देतात.

त्यांनी एक पापुद्रा नखाने उचलला, उन्हात धरला आणि विचारलं, "हे धुतंय कोन?"

"मी!" दिलीप छाती काढून म्हणाला. "दर शनिवारी. चिंच, मीठ आणि काथ्या. आमच्या आईच्या समया अजून आरशासारख्या आहेत."

हौसेराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. आतून त्यांची बायको शालनवहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आली. "साहेब," ते डोळे पुसत म्हणाले, "समई पितळेची, हे अ‍ॅल्युमिनियम. काथ्यानं वरच्या थराला चरे पाडलं, चऱ्यांतनं मीठ आत शिरलं. त्यात आपली खाडीची हवा. आतनं पोखरत गेलं बगा."

दिलीपचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी त्याच्याकडे एकदाच बघितलं. एवढं पुरे होतं.

"किती वेळ लागेल?" मी विचारलं.

"दिवसाला एक चाक. शुक्रवारी चारी तयार."

"चार दिवस? अहो, तुर्भ्याला दोन तासात सिल्व्हर स्प्रे मारून देतात!"

"देत्यात की. सुटलेल्या थरावरच रंग मारत्यात. तीन म्हैन्यांनी रंगासकट सगळंच सोलून निघतं, मग गिऱ्हाईक हितं येतं."

मग मी भांडले. जागेचं सांगितलं, कमिटीचं सांगितलं, मोमोवाल्याचं तर जरा जास्तच सांगितलं. ते मान डोलवत सगळं ऐकत राहिले आणि ऐकता ऐकता पहिलं चाक काढून बसलेसुद्धा. या माणसाशी भांडण्यात काही मजा नाही, हे मला तेव्हाच कळलं. शालनवहिनी म्हणाली, "ताई, दमला असाल. चहा घ्या."

त्या चार दिवसांत मी रोज दिघ्याला गेले. लक्ष ठेवायला, असं मी घरी सांगायचे. खरं तर मला ते काम बघायला आवडायला लागलं होतं. शेजारच्या पंक्चरवाल्याकडून टायर उतरवून घ्यायचा. मग चाक दोरीने आढ्याला टांगायचं आणि हातोडीच्या लाकडी दांड्याने हलकेच ठोकायचं. चांगलं चाक ठण्ण करून वाजतं आणि आवाज बराच वेळ रेंगाळतो. बाजारात बायका माठ घेताना वाजवून बघतात ना, तसंच.

"कशाला वाजवता?" मी विचारलं होतं.

"चकाकी आली की मानूस फुडं काय इचारत न्हाई ताई. म्हनून चकाकी द्यायच्या आदी आपुन इचारायचं."

शालनवहिनी आतून ओरडली, "लग्नाआधी मला बघायला आले तवा माझ्या बापाच्या घरची भांडीसुदिक वाजवून बघितली ह्यांनी! माझी आई म्हणली, पोरगी बघायला आलाय का बोहारीण धाडलीय?"

वाजवून झालं की उरलेला थर केमिकलने फुगवून खरवडायचा, पाणी लावून पॉलिश पेपर घासायचा, आधी जाड, मग बारीक, मग त्याहून बारीक. शेवटी कापडाच्या फिरत्या चकतीवर पॉलिश. हौसेरावांची बोटं तोवर काळीकुट्ट आणि चाक लखलखीत. त्यावर शालनवहिनी मऊ फडक्याने मेण चढवायची. तिने "हां" म्हटल्याशिवाय चाक खाली उतरायचं नाही. "नवा थर देऊ नका," हौसेराव मला बजावायचे. "उघडंच ठिवा. पंधरा दिवसाला मेण लावा. आनि साहेबांची चिंच कुलपात ठिवा."

गुरुवारपर्यंत तीन चाकं अशी झाली की त्यात मी माझी टिकली सारखी करून घेतली. घरी येऊन मी दिलीपला म्हणाले, "जागा आपलीच रे!" एवढी खूश मी कित्येक वर्षांत झाले नव्हते.

शुक्रवारी दुपारी पोचले तर चौथं चाक टांगलेलं, आणि हौसेराव नुसते बसलेले.

त्यांनी दांडा मारला. थप्प. बस, एवढंच. मग त्यांनी चाक उतरवलं, नटच्या भोकाजवळ डिझेल चोळलं, थोड्या वेळाने कोरडं पुसलं आणि वर खडूची पूड भुरभुरली. आम्ही बघत राहिलो. पांढऱ्या पुडीवर हळूहळू एक काळपट केसाएवढी रेघ उमटली. भोकापासून निघून पार कडेपर्यंत.

"तडा हाय," ते म्हणाले. "ह्याला मी पॉलिश मारनार न्हाई."

"अहो, पण परवा कमिटी आहे! एका दिवसापुरतं चमकवा. सोमवारी बदलते, शपथ!"

"सोमवारी कोन बदलत न्हाई ताई."

"तुम्ही मला ओळखत नाही!"

"तुमाला वळकत न्हाई, पर मानसांना वळकतो."

माझं डोकंच फिरलं. मी म्हणाले, मग पहिल्याच दिवशी चारही का नाही वाजवली? तीन दिवस मिळाले असते, मी दुसरं चाक शोधलं असतं! तेव्हा मात्र त्यांनी मान खाली घातली. "ते चुकलं माजं. येका टायमाला येकच चाक घ्यायची सवय लागलीय."

सरळ कबूल केलं की भांडणारी बाई आणखीनच चिडते. मी ते चाक उचललं, तयार झालेल्या तिघांसोबत जीपमध्ये आपटलं, काय तोंडाला येईल ते बोलले. पॉलिशवाला आहात, इंजिनियर नाही, असंही बोलले. शालनवहिनीसमोर बोलले. ते आठवलं की अजून कानकोंडं व्हायला होतं.

शनिवारी तुर्भ्याला गेले. त्या पोराने चाक वाजवलं नाही, विचारलं नाही, काही नाही. दोन तासात रुपेरी रंग मारून हातात दिलं. काय दिसत होतं! हौसेरावांच्या तीन चाकांपेक्षाही जास्त चकचकीत. संध्याकाळी दिलीप पार्किंगमध्ये बाकीची तीन चाकं बसवत होता. तो मला म्हणाला, "दे ते चौथं."

मी द्यायला उचललं, आणि कुठून सुचलं देवाला ठाऊक, पान्याच्या मुठीने हलकेच ठोकलं.

थप्प.

पुन्हा ठोकलं. दिलीपने माझ्याकडे बघितलं. शुक्रवारचं सगळं मी त्याला सांगितलंच होतं. पाम बीच रोडवर गाड्या कशा सुटतात ते आम्हाला दोघांनाही माहीत आहे. मागे सहाशे किलोचा ट्रेलर, त्यात गॅस, पुढे जीपमध्ये आम्ही दोघं, आणि बाजूला स्कूटरवर कुणाचीतरी श्रुती, कुणाचातरी केयूर. मी ते चाक खाली ठेवलं आणि तिथेच पायरीवर बसले. गेली आपली जागा, म्हटलं. फार वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, मोमोवाल्याला शिव्यासुद्धा घातल्या.

रविवारी सकाळी सहा वाजता मी दिघ्याला हजर. दुसरं कुठे जाणार? वाटेत माफीची वाक्यं जुळवत होते. गाळा उघडा होता. हौसेराव स्टुलावर, आणि त्यांच्या पायाशी एक लोखंडी चाक, साधं, काळं, पण तपासलेलं आणि स्वच्छ घासलेलं.

"काल भंगारवाल्यांची सगळी दुकानं पालथी घातली," शालनवहिनी म्हणाली. "जेवायलासुद्धा आले न्हाईत."

"पाच भोकं, माप तेच," हौसेराव म्हणाले. "शोबंला काय न्हाई बगा. पर वाजतंय झकास."

"मी येईन असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तीन चाकांवर किती येळ उभा ऱ्हानार ट्रेलर?"

माफीची वाक्यं बाजूला ठेवून मी जीपमधल्या रुपेरी चाकाचा टायर या चाकावर चढवायला शेजारच्या पंक्चरवाल्याला उठवलं.

नऊला आम्ही सोसायटीच्या गेटात उभे. तीन चाकं आरशासारखी, चौथं काळं ठिक्कर. कमिटीचे पाच जण. घोरपडे गाडीभोवती फिरले आणि त्या चाकापाशी थांबले. "मॅडम, हे काय? ठिगळ?"

मी दिघ्याहून येता येता दोन-तीन थापा तयार करून ठेवल्या होत्या. बँकेत बत्तीस वर्षं काढल्यामुळे थापा ऐकून ऐकून मला त्या उत्तम जमतात. पण तोंड उघडलं आणि खरंच बाहेर आलं. जीपमधून ते रुपेरी चाक काढलं आणि सगळं सांगितलं. तडा, दिघा, तुर्भे, थप्प, सगळं. चिंचेचंही सांगितलं, त्याला दिलीपची हरकत होती. "हे चमकणारं बसवून आले असते तर तुम्हाला काही कळलं नसतं," मी म्हणाले. "पण मला कळलं असतं. आता मोमोवाल्याला जागा द्यायची तर द्या, पण आधी त्याची चाकं वाजवून बघा!"

कमिटीत सत्यभामा पाटील म्हणून करावे गावातल्या एक आजी होत्या. "काय रं उदयसिंह," त्या म्हणाल्या, "ही बाय चाकाचं लपवत नाय. मंग तेल शिळा असला तं त्ये पन सांगंल. आपल्याला खायाचा हाय का चाका चाटायची हाईत?"

घोरपडे हसले. जागा आम्हाला मिळाली. दिलीपने तिथल्या तिथे माझा हात धरला, सातशे फ्लॅटच्या खिडक्यांसमोर.

मी हौसेरावांना फोन केला. अभिनंदन वगैरे काही नाही. "त्ये चाक कुटाय?" त्यांनी विचारलं. "जीपमध्येच आहे." "भंगारात टाकू नका. कुनीतरी उचलंल, रंग बगून बसवंल. हितं घिऊन या."

दुपारी आम्ही चाक आणि वड्यांचा डबा घेऊन गेलो. त्यांनी चाक गाळ्यासमोर दगडावर ठेवलं आणि घण माझ्या हातात दिला. "मारा ताई. लई राग हाय तुमच्यात, वाया कशाला घालवायचा?"

मी पदर खोचला. पहिल्या घावाला रुपेरी रंग उडाला. दुसरा घाव हुकला, दिलीप उडी मारून बाजूला झाला आणि शालनवहिनी खो खो हसत सुटली. तिसऱ्या घावाला चाक त्या केसाएवढ्या रेघेवरून सरळ दुभंगलं. माझ्यासारख्या साठीच्या बाईच्या तिसऱ्या घावाला.

दिलीप त्या दोन तुकड्यांकडे बघत राहिला. मग त्याने माझ्या हातातून घण काढून घेतला आणि हौसेरावांना वाकून नमस्कार केला. ते एवढे गोंधळले की त्यांनीही उलटा नमस्कार केला. मला एकदम रडू फुटलं, आणि रडता रडताच मी म्हणाले, "हौसेराव, परवा फार बोलले मी. चुकलं माझं."

"बोला की," ते म्हणाले. "जिती हायसा म्हनून बोलताय."

शालनवहिनीने डबा उघडला आणि सगळ्यांच्या हातावर एक-एक वडी ठेवली.