दोन कपांचा माणूस

रीडिंगहून लंडनला जाणाऱ्या ट्रेनमध्ये एक गोरा गृहस्थ रोज माझ्यासमोर बसायचा. गळ्यात यिन-यांगचं लॉकेट, काळ्या अर्ध्यात पांढरा ठिपका नि पांढऱ्यात काळा, आणि हातात दोन कप. एकात काळा चहा, दुसऱ्यात नुसतं दूध. चहात तो दुधाचा एक थेंब टाकायचा, दुधात चहाचा, आणि आळीपाळीने घोट घ्यायचा.

"अंधारात उजेडाचं बी हवं, उजेडात अंधाराचं," तो म्हणायचा. "पण दोघांनी आपापलं राहायचं."

एकदा मी माझा थर्मास उघडला. आलं, दूध, साखर, चहापत्ती, सगळं एकत्र खळखळून उकळलेलं. तो हादरलाच.

"मग यात कोण कोणात आहे?"

"पिऊन बघा."

प्यायला. शेवटच्या थेंबापर्यंत.

दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे एकच कप होता, तोही रिकामा. लॉकेट शर्टाच्या आत ढकलून त्याने तो कप माझ्यापुढे धरला.