नातीच्या बाईंवर मी केलेली तक्रार

नोकरीभर मी बँकेच्या तपासणी खात्यात होतो. तक्रार कशी लिहिली म्हणजे साहेब ती बाजूला सारत नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. तीच हुशारी मी इथे सिंगापुरात नातीच्या बालवाडीतल्या बाईंवर वापरली.

एका संध्याकाळी नातीच्या मनगटावर लाल वळ दिसला. "टीचरने ओढलं," ती म्हणाली. मी तक्रारीत लिहून टाकलं की बाईंना हात पिरगाळताना मी स्वतः पाहिलं. खरं म्हणजे त्या वेळी मी बुकित पंजांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये पेपर वाचत होतो. पण ऐकीव तक्रारीला कोण विचारतं?

शिक्षकांची नोंदणी करणाऱ्या कार्यालयातून फोन आला. चौकशी होईपर्यंत बाईंना वर्गापासून दूर ठेवलं होतं. आरोप खरा ठरला तर नोंदणीच जाणार होती. मला जिंकल्यासारखं वाटलं.

चौकशी करणारी अधिकारी माझ्या सुनेच्या वयाची, चिनी. नातीशी ती आधीच बोलली होती, शेजारी आईला बसवून, चित्रं काढत. बाईंचं म्हणणंही तिने वेगळं ऐकलं होतं. मला पाणी देऊन तिने विचारलं, "अंकल, तुम्ही कुठे उभे होतात?"

"फाटकाशी."

"बाईंचं तोंड तुमच्याकडे होतं की पाठ?"

मी पाण्याचा पेला उचलला. तिने पेन खाली ठेवलं. "अंकल, ऐकलेलंही आम्ही लिहून घेतो, फेकून देत नाही. फक्त पाहिलेल्यात मिसळत नाही."

"पाहिलं नाही, ऐकलं," मी म्हणालो.

आता ही मला हाकलणार, असं वाटलं. ती शांतपणे म्हणाली, "ठीक आहे. पण वळ तर होता ना? तो कसा आला ते शोधायलाच हवं."

आणि तिने शोधलं. रिव्हर्स येणाऱ्या व्हॅनच्या वाटेत नात धावली होती, बाईंनी तिला मनगट धरून खेचलं होतं. व्हॅनवाल्यानेही तेच सांगितलं. बाईंनी त्याच दुपारी शाळेच्या ॲपवर कळवलं होतं, आमच्या घरात ते कुणी उघडलं नव्हतं. इतकी नेकीने केलेली तपासणी मी बँकेतही फारशी पाहिली नाही.

बाई वर्गात परतल्या. कार्यालयाने निकाल आम्हाला आणि त्यांना कळवला, गावभर केला नाही. आरोप मात्र मी आधीच गावभर केला होता, ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर जमणाऱ्या आमच्या मराठी मंडळींत.

परवा तिथेच एका मित्राच्या सुनेने विचारलं, "काका, ती मारकुटी टीचर अजून आहे का हो? आमच्या पिल्लाला तिथे घालायचं म्हणतोय."

"विचार, विचार," आमची ही खोचकपणे म्हणाली. "साक्षीदार आहेत ना ते!"

मग मी सगळं सांगितलं. मंडळी खायची थांबली.

"म्हणजे तुम्ही नुसतंच...?" मित्राच्या सुनेने विचारलं.

"हो. त्या बाई होत्या म्हणून आमची नात आहे. पिल्लाला खुशाल घाल."

माझं आधीचं बोलणं तिथल्या बऱ्याच जणांनी पुढे नेलं असणार. ते जिथवर पोचलं असेल तिथवर हेही पोचावं, म्हणून लिहिलं.