टाचणीच्या स्कूटरचा अंगरखा

…तर लिही, ती टाचणी. शिंपीण होती, अंगानं बारीक, म्हणून सगळे तिला टाचणीच म्हणायचे. गुडघा कामातून गेला तेव्हा तिनं विजेवरची स्कूटर घेतली. घरोघरी जाऊन मापं घ्यायची, शिवलेलं पोचवायचं. स्कूटर थांबली की हिची चूल थांबली, एवढं साधं.

आता शिंपिणीला उघडं काही बघवतं का? उरल्यासुरल्या तुकड्यांचा, आत कापूस भरून, तिनं स्कूटरला अंगरखा शिवला. बटणंसुद्धा लावली. जिन्याखाली तो घालूनच गाडी चार्जिंगला लावायची. एका दुपारी गरमी आतच कोंडली, बॅटरी तापली नि सगळा जिना धुरानं भरला. वरचे मास्तर तोंडाला टॉवेल लावून उतरले, त्यांनीच मेन स्विच पाडला.

"बाई, ही इथून हलवा. आम्हाला खाली यायला हा एकच जिना."

"बरोबर आहे तुमचं. आठ दिवस द्या. तोवर ती अंगणात, वायरीशिवाय."

"आठ दिवसांत काय तिला शाळेत घालणार?"

"तिला नाही मास्तर, मलाच."

दुसऱ्या दिवशी लंगडत लंगडत गेली वाहतूक पोलिसाकडे नियम विचारायला. बोलता बोलता कौतुकानं म्हणाली, "आमची बसच्या बरोबरीनं पळते हो."

पोलिसानं मान वर केली. "मावशी, विजेवरच्या मंद गाडीला परवाना लागत नाही. एवढी पळते म्हणजे कुणीतरी वेग वाढवलाय. मग परवाना हवा, नंबर हवा, विमा हवा. उद्या कुणाला धडकलात तर सगळं तुमच्या अंगावर."

वेग वाढवला होता जावयानं. तिथूनच ती त्याच्या दारात.

"जावईबापू, चढवलात तसा उतरवा."

"सासूबाई, मुंगी पुढं जाईल."

"जाऊ दे. तिची गिऱ्हाइकं वेगळी."

बॅटरी नवी घेतली, कंपनीचीच, चार्जरही त्याच कंपनीचा. डोक्याला हेल्मेट आलं. पिशवीला चमकत्या पट्ट्या शिवल्या. आणि चार्जिंग अंगणात, दिवसाउजेडी, स्वतः शेजारी काजं करत बसून.

आठव्या दिवशी मास्तर उतरले. वाकून बॅटरीला हात लावून पाहिला.

"अंगरखा कुठंय?"

"उसवला. त्याची उशी केली, तिच्यावरच बसलेय."

मास्तरांनी मोकळ्या जिन्याकडे पाहिलं. वर गेले आणि उसवलेली विजार घेऊन परत आले. "उद्या फेरीला निघायच्या आधी होईल का?"

लिहिलंस ना? आता तुझ्या आत्याला फोन लाव. तीही गाडीवर चादर टाकून चार्जिंग करते. म्हणावं, आधी चादर काढ.