ओठ हलवत लिहिलेला पेपर

मुखेडच्या एका कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवते. दर रविवारी तिथंच सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावीला बसणाऱ्यांचा वर्ग घेते. शाळा सुटून दहा-वीस वर्षं झालेली माणसं. एकदा बारावी निघाली की पदवीचा रस्ता मोकळा. सुरुवातीला मला वाटायचं, मी त्यांच्यावर उपकार करते आहे. ती घमेंड अंगणवाडीच्या एका मदतनीस बाईनं उतरवली.

ती जळकोटच्या बाजूच्या खेड्यातून एसटीनं यायची. चाळिशीला टेकलेली, मुलगी अकरावीत. दहावी होताच लग्न झालं आणि पुस्तकं सुटली. "मला बीए करायचंय," तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं. कशासाठी, विचारलं तर म्हणाली, "करायचंय म्हणून." घरच्यांनी परीक्षेला एकदाच बसायची मुभा दिली होती. नापास झाली तर विषय संपला.

तिची अभ्यासाची तऱ्हा मात्र न्यारी. अंगणवाडीत लेकरांना शिकवते तसंच ती स्वतःला शिकवायची. प्रत्येक धडा चालीवर बसवलेला, बोटांनी बाकावर ठेका, ओठ सतत हलते. माझं डोकं फिरायचं. "बाई, ही बारावी आहे, बालवाडी नव्हे," असं मी तिला भर वर्गात टाकून बोलले. ती नुसती हसली. सराव परीक्षेत सगळ्यात जास्त गुण तिलाच पडले, तेव्हा माझं टोकणं थांबलं. न टोकता राहणं माझ्या स्वभावात नाही, घरचे सांगतील.

बोर्डाच्या परीक्षेत इतिहासाच्या पेपरला तिच्या शेजारच्या खोलीवर माझी ड्युटी होती. अर्धा तास झाला असेल, तेवढ्यात तिच्या खोलीतून चढा आवाज आला. मी माझ्या दारापर्यंत आले. तरुण पर्यवेक्षक तिची उत्तरपत्रिका हातात धरून उभे होते. ओठ हलवून ती मागच्या मुलीला उत्तरं सांगते, असा त्यांचा संशय. कॉपीची केस झाली असती तर सगळंच मुसळ केरात. माझीच विद्यार्थिनी, मी मध्ये बोलले असते तर संशय वाढलाच असता.

ती उभी राहिली. आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी आणलं नाही.

"सर, मी कुणाला सांगत न्हाई. माझं मलाच सांगायलेय. तोंड मिटलं की मला आठवत न्हाई. मला एकटीला भिंतीकडं तोंड करून बसवा, तुमी मागं उभे रहा. पण पेपर द्या, टाइम चाललाय."

सरांनी स्वतःच बाक ओढून कोपऱ्यात भिंतीला लावला आणि शेवटच्या घंटेपर्यंत तिच्या मागून हलले नाहीत. तिनं दोन पुरवण्या घेतल्या. पेपर सुटल्यावर ते मला म्हणाले, "मॅडम, आज अख्खा इतिहास ऐकला मी. कुठं चुकल्या नाहीत त्या."

निकाल लागला, बाई पहिल्या श्रेणीत पास. स्टाफरूममध्ये मी पेढे वाटले आणि वाटता वाटता रडले. मला त्याची लाज वाटत नाही. इतका आनंद मला माझ्या स्वतःच्या निकालाचाही झाला नव्हता.

बीएच्या प्रवेशाला ती एकटीच आली. क्लार्क माझ्या ओळखीचा, म्हणून मी तिच्यासाठी शब्द टाकायला खाली उतरले. खिडकीपाशी पोरापोरींची लांब रांग होती. तिच्या पुढच्या मुलीनं मागं वळून अदबीनं विचारलं, "मॅडम, तुम्ही कोणता विषय शिकवता?"

"शिकवत न्हाई गं. तुझ्याच वर्गात हाय मी."

मुलगी गोंधळली, मग हसली, आणि दोघी फॉर्ममधले रकाने एकमेकींना विचारून भरायला लागल्या. मी दहा पावलांवर उभी होते. तिला माझी काही गरज नव्हती. मी आल्या पावली जिना चढून वर गेले.